फोटोत मुंग्या आल्या!

घरात अँटेनावाला टीव्ही होता ते दिवस ज्यांना आठवतात, त्यांना ‘मुंग्या येणं’ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. मॅच ऐन रंगात आलीय, शेवटची ओव्हर, आणि अचानक स्क्रीनभर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं वारूळ फुटायचं. मग एक जण गच्चीवर अँटेना फिरवतोय, दुसरा जिन्यातून ओरडतोय, ‘आली, आली... गेली!’ ज्यांना हे आठवत नसेल त्यांनी आईबाबांना विचारा. ते अर्धा तास सांगतील.

केबल आली आणि टीव्हीवरच्या मुंग्या गेल्या. पण त्या गेल्या कुठे? तुमच्या लॅपटॉपवर गणपतीच्या आरतीचा फोल्डर उघडा. नाहीतर गोव्याच्या शॅकवर रात्री काढलेला तो ग्रुप फोटो. फोनच्या स्क्रीनवर झक्कास दिसणारा फोटो जरा मोठा करून बघा. मागच्या काळोखात लाल-हिरवे-निळे कण वळवळताना दिसतील. त्याच त्या मुंग्या! फोटोग्राफीच्या भाषेत त्यांना नॉइज म्हणतात. आवाज नसलेल्या चित्रात नॉइज कसा, असं वाटेल. पण रेडिओचं स्टेशन नीट लागलं नाही की गाण्याच्या मागे जी खरखर येते ना, तीच ही. फक्त कानांऐवजी डोळ्यांना ऐकू येणारी.

आणि कॅमेरा घ्यायला निघालेली शंभरातली बहुतेक मंडळी सगळं विचारतात. मेगापिक्सेल किती, झूम किती, वायफाय आहे का, ब्लॅकमध्ये मिळेल का. अंधार पडल्यावर हा कॅमेरा काय करतो, हे मात्र विचारत नाहीत. आता जरा आठवून बघा, आपल्या आयुष्यातले महत्त्वाचे प्रसंग घडतात कधी? बारसं दुपारी एसी हॉलच्या पिवळ्या उजेडात, रिसेप्शन रात्री, वाढदिवसाचा केक तर दिवे घालवूनच कापायचा! भर दुपारच्या उन्हात कुठलाही कॅमेरा छान फोटो काढतो. परीक्षा संध्याकाळी सातनंतर असते.

<b>आजीचे एक हजार चंद्र</b>

आमच्या ऑफिसात एक मैत्रीण आहे. पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे चांगल्या चाललेल्या गोष्टीत खोट काढण्याचा पगार घेते. नोव्हेंबरात ती माझ्या डेस्कवर येऊन बसली. ‘अरे, कॅमेरा घ्यायचाय. ५० हजारांच्या आत. जानेवारीत डोंबिवलीला आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे.’

आजीला ८१वं लागलेलं. सकाळी होम, दुपारी जेवणं, आणि संध्याकाळी घरातले सगळे दिवे बंद करून आजीला ८१ दिव्यांनी ओवाळायचं, असा बेत. तोच फोटो हवा होता. व्यावसायिक फोटोग्राफर आजीला नको होता (‘तो सारखा हनुवटी वर करा म्हणतो’). आणि ही संध्याकाळ पुन्हा येणार नव्हती. साखरपुड्याचे फोटो फसले तर लग्नात भरून काढता येतात. सहस्रचंद्रदर्शनाला रिटेक नाही.

करी रोडहून गाडी पकडून आम्ही शनिवारी सीएसएमटीला उतरलो आणि फोर्टातल्या बोराबाजारात शिरलो. मुंबईत कॅमेऱ्याचं काहीही हवं असलं की जुन्या लोकांची पावलं इकडेच वळतात. पहिल्याच दुकानात काउंटरवरच्या पोराने एक लांब नाकाचा सुपरझूम कॅमेरा पुढे केला. ‘मॅडम, साठ एक्स झूम है. चांद का फोटो निकालो!’

‘चंद्राचा नकोय,’ ती म्हणाली, ‘आजीचा काढायचाय.’

तिला बाजूला घेऊन, शेजारच्या टपरीवर कटिंग घेत मी जो फंडा सांगितला, तोच आता तुम्हालाही सांगतो. चहा तुमचा तुम्ही घ्या.

<b>वाटी की परात?</b>

जूनमधला पहिला पाऊस डोळ्यांसमोर आणा. गच्चीच्या कोरड्या फरशीवर टपोरे थेंब पडायला लागलेत. काही फरश्यांवर चार ठिपके, शेजारच्या फरशीवर नऊ, तिसरीवर दोनच. पाऊस कुठल्या फरशीवर राग धरून नसतो, थेंब कसेही पडतात, एवढंच. पण तोच पाऊस तासभर कोसळला की सगळ्या फरश्या सारख्याच भिजलेल्या. कुठे कमी, कुठे जास्त हे कळतही नाही.

प्रकाशही असाच थेंबाथेंबाने येतो. त्या थेंबाला फोटॉन म्हणतात. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाखो-करोडो चिमुकल्या वाट्या मांडलेल्या असतात, ते पिक्सेल. उजेड भरपूर असला की प्रत्येक वाटीत जवळपास सारखे थेंब. उजेड कमी झाला की शेजारशेजारच्या दोन वाट्यांत, दोन्हींवर तीच पांढरी भिंत दिसत असूनसुद्धा, वेगवेगळे थेंब पडतात. एक ठिपका जरा उजळ, दुसरा जरा काळा. झाल्या मुंग्या तयार!

याचं गणित वर्गमुळाचं आहे, घाबरू नका. एका वाटीत सरासरी १०,००० फोटॉन पडत असतील तर चढउतार साधारण १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. डोळ्याला दिसत नाही. सरासरी १०० च पडत असतील तर चढउतार १० चा. म्हणजे १० टक्के! तो दिसतो, आणि डोळ्यांत खुपतो. लक्षात घ्या, हा गोंधळ कॅमेऱ्याने केलेला नाही. तो प्रकाशाच्या स्वभावातच आहे. जगातली कुठलीही कंपनी तो काढून टाकू शकत नाही. जास्त प्रकाश गोळा करणं, हा एकच सरळ उपाय.

कॅमेऱ्याची स्वतःची खरखरही असते, नाही असं नाही. वाटीतलं पाणी मोजून आकड्यात लिहिताना इलेक्ट्रॉनिक्स थोडी भर घालतं. ती फोटोच्या अगदी काळ्या भागात दिसते. शिवाय सेन्सर तापला की प्रकाश नसतानाही वाट्यांत आपोआप थेंब साचतात. रात्रीचे ३० सेकंदांचे लांब एक्स्पोजर देणाऱ्यांना तो ताप होतो. पण हातात धरून काढलेल्या घरगुती फोटोंत मुख्य आरोपी प्रकाशाची टंचाई हाच.

मग आयएसओ कशाला असतो? फिल्मच्या जमान्यात तो फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा होता. १०० ची फिल्म उन्हासाठी, ४०० ची संध्याकाळसाठी. डिजिटलमध्ये आयएसओ वाढवल्याने सेन्सर काही जास्त प्रकाश पकडत नाही. तो आवाजाच्या बटणासारखा आहे. स्टेशन नीट लागलेलं नसताना रेडिओ मोठा केलात तर गाणं मोठं होतं आणि खरखरही मोठी होते. म्हणून ‘मी आयएसओ १०० वरच ठेवतो, म्हणजे फोटो स्वच्छ येतो’ म्हणणाऱ्या ऑफिसातल्या एक्स्पर्टपासून सावध! अंधारात १०० वर काढलेला काळाकुट्ट फोटो नंतर लॅपटॉपवर उजळलात तर मुंग्या तेवढ्याच निघतात, कधी कधी जास्तच.

आता खरेदीच्या मुद्द्यावर येऊ. पावसाचं पाणी वाटीत जास्त साठेल की परातीत? सेन्सर म्हणजे ते भांडं. त्या साठ एक्स झूमवाल्या कॅमेऱ्यात असतो १/२.३ इंची सेन्सर. प्रत्यक्षात जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे साधारण २८ चौरस मिलिमीटर. करंगळीच्या नखात मावेल. लेन्स बदलता येणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांत जो एपीएस-सी सेन्सर असतो तो साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे ३६५ चौरस मिलिमीटरच्या आसपास. तेरापट! आणि फुल फ्रेम म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या मापाचा, ३६ बाय २४, म्हणजे ८६४.

इथे एक गंमत सांगतो, दुकानात उपयोगी पडेल. ‘वन इंच सेन्सर’ असं लिहिलेलं वाचून माणसाला वाटतं, एक इंच म्हणजे २५ मिलिमीटर. तो असतो १३.२ बाय ८.८, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलात तरी १६ मिलिमीटर. ही इंचाची मापं जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून आलेली. नळ्या केव्हाच भंगारात गेल्या, मापं राहिली. त्यामुळे इंच विचारूच नका. ‘मिलिमीटरमध्ये किती बाय किती?’ विचारा. विक्रेता गप्प झाला तर मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर लिहिलेलं सापडतं.

आता मेगापिक्सेल. त्यांना आपल्याकडे उगाच डोक्यावर बसवलं, आणि मग उगाच शिव्याही घातल्या. २००८ साली कॅननने पॉवरशॉट जी१० काढला, १४.७ मेगापिक्सेलचा. त्या छोट्या सेन्सरवर एवढ्या वाट्या दाटीवाटीने मांडल्यावर कमी उजेडात व्हायचं तेच झालं. २००९ साली त्याचा पुढचा भाऊ जी११ आला तो १० मेगापिक्सेल घेऊन! नव्या मॉडेलचा आकडा जुन्यापेक्षा कमी, हे मार्केटिंगवाल्यांना किती जड गेलं असेल, विचार करा. त्याआधी २००६ साली फुजीफिल्मच्या फाइनपिक्स एफ३० ने अवघ्या ६ मेगापिक्सेलवर खिशातल्या कॅमेऱ्यांमध्ये अंधारातला राजा म्हणून नाव कमावलं होतं. सोनीच्या २०१४ च्या ए७एस मध्येही फुल फ्रेम सेन्सरवर फक्त १२ मेगापिक्सेल होते, अंधारासाठीच.

यावरून ‘मेगापिक्सेल जास्त म्हणजे मुंग्या जास्त’ असा सरसकट निष्कर्ष काढू नका. तोही अर्धाच खरा. सेन्सर सारख्याच मापाचा आणि सारख्याच जमान्यातला असेल, तर १२ आणि २४ मेगापिक्सेलचे फोटो एकाच आकारात छापल्यावर मुंग्यांमध्ये फारसा फरक उरत नाही. कारण लहान करताना चार-पाच पिक्सेल मिळून एक होतात आणि त्यांची भांडणं आपसात मिटतात. ४ बाय ६ इंची प्रिंटला जेमतेम २ मेगापिक्सेल पुरतात. २४ मधले अकरा-बारा पिक्सेल मिळून एक ठिपका! म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेला फोटो स्वच्छ दिसतो आणि तोच १२ बाय १८ छापून भिंतीवर लावला की मुंग्या दिसू लागतात. फोटो कुठे बघणार आहात, हे आधी ठरवा. फक्त स्टेटसला टाकायचे असतील तर खरं सांगतो, ५० हजार वाचवा.

<b>सुरकुत्या पुसणारं मशीन</b>

मुंग्यांपेक्षा मला जास्त राग आहे तो मुंग्या मारणाऱ्या औषधाचा. कॅमेऱ्याला माहीत असतं की ग्राहकाला मुंग्या आवडत नाहीत. म्हणून जेपेग फोटो तयार करतानाच तो आत नॉइज रिडक्शन चालवतो. म्हणजे काय करतो? शेजारच्या पिक्सेलपेक्षा वेगळा वागणारा पिक्सेल दिसला की त्याला दाबून शेजाऱ्यांसारखा करतो. पण बारीक कण आणि बारीक तपशील यांतला फरक त्याला दर वेळी कळेलच असं नाही. साडीचा विणीचा पोत, मिशीचा केस, डोळ्यांच्या कडेची सुरकुती, सगळं त्याच्या लेखी एकाच माळेचे मणी. मग चेहरा सनमायका लावल्यासारखा गुळगुळीत होतो आणि केस ब्रशने रंगवल्यासारखे दिसतात. वॉटरकलर! लोकांना वाटतं, ‘वा, काय स्मूथ आलाय!’

मी हे सांगत होतो आणि मैत्रीण चहाचा ग्लास हातात धरून गप्प झाली. मग म्हणाली, ‘म्हणजे हा आजीच्या सुरकुत्या पुसणार?’

पुसणार. ८१ वर्षांत जमवलेल्या सगळ्या. एका सेकंदात.

म्हणून दुकानात फोटो बघताना ‘कण आहेत का’ एवढंच बघू नका. ‘कण नाहीत, पण त्यांच्याबरोबर आणखी काय गेलं’ हे बघा. मुंग्यांमध्येही दोन जाती. एक करड्या, म्हणजे उजेडात कमीजास्त. त्या थोड्या असल्या तर फोटो जुन्या फिल्मसारखा दिसतो, मला तर आवडतो. दुसऱ्या रंगीत, लाल-हिरव्या-जांभळ्या. त्या गालावर आल्या की माणूस आजारी दिसतो. चांगला कॅमेरा रंगीत मारतो आणि करड्यांना थोडं जगू देतो.

फोनवाल्यांनी नाराज होऊ नये. फोनने या लढाईत कमाल केलीय. २०१८ साली गुगलने पिक्सेलमध्ये नाइट साइट आणलं, २०१९ मध्ये आयफोन ११ ला नाइट मोड आला. युक्ती अशी, की एका ऐवजी पटापट अनेक फोटो काढायचे आणि एकमेकांवर रचून सरासरी घ्यायची. नऊ फोटो रचले की मुंग्या एक तृतीयांशावर येतात, पुन्हा वर्गमूळच! इमारती, रस्ते, शांत बसलेली माणसं, झकास येतात. पण हलणारा हात आला की रचण्यात घोळ होतो. एकतर हात पुसट होतो किंवा फोन तेवढा भाग एकाच फोटोतून उचलतो आणि वर औषधाचा मोठा फवारा मारतो. ओवाळणीत तर हातच फिरत असतो.

<b>टेस्टर काउंटरखाली शिरते</b>

आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो. इथले शेठ जुने, बोलायला कमी. काउंटरवर ट्यूबलाइटचा लखलखाट. अशा उजेडात सगळेच कॅमेरे गुणी मुलं असतात. मैत्रिणीने पर्समधून स्वतःचं मेमरी कार्ड काढलं (हे तुम्हीही न्या; दुकानातला कॅमेऱ्याचा छोटा स्क्रीन मुंग्या लपवण्यात पटाईत असतो, फोटो घरी नेऊन मोठे करून बघा) आणि तिने विचारलं, ‘शेठ, जरा अंधार मिळेल का?’

अंधार मिळाला काउंटरच्या खाली, खोक्यांच्या सांदीत. तिथे ती चक्क मांडी घालून बसली. टेस्ट साधीच होती. शटर १/८० सेकंदावर बांधून टाकायचं, कारण त्याहून हळू गेलं तर ओवाळणारे हात हलके दिसणार. लेन्स जितकी उघडेल तितकी उघडायची. आणि आयएसओ ऑटोवर सोडायचा. मग कॅमेऱ्याला कितीचा आयएसओ मागावा लागतो आणि तेवढ्यावर फोटो कसा येतो, दोन्ही एकदम कळतं. ब्रोशरवरचा ‘कमाल आयएसओ’ वाचून काही कळत नाही. सोनीच्या त्या ए७एस वर ४,०९,६०० असा आकडा होता. स्पीडोमीटरवर २२० लिहिलं म्हणून आपण घोडबंदर रोडवर २२० ने जातो का?

नमुना म्हणून तिने एका काळ्या खोक्यावरची बारीक अक्षरं घेतली आणि दुकानात काम करणारे एक पांढऱ्या दाढीचे चाचा. चाचा आनंदाने वाकून सांदीत आले. सुपरझूमने त्यांच्या दाढीचा कापूस केला. अक्षरांची तर रांगोळी. मग शेठने न बोलता मागच्या कपाटातून एक सेकंड हँड निकॉन डी५६०० काढला, २०१६ सालचं मॉडेल, एपीएस-सी सेन्सर, आणि त्यावर ३५ मिमीची छोटीशी एफ १.८ लेन्स चढवली. झूम नाही, काही नाही. जवळ जायचं असेल तर चालत जा! दाढीचा केस न् केस वेगळा आला. कण होते, पण दाढी दाढीच होती.

हा त्या दुपारचा सगळ्यात महत्त्वाचा धडा, आणि कॅमेऱ्यापेक्षा तो लेन्सबद्दल आहे. डब्यात कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ किट लेन्स झूम ओढल्यावर एफ ५.६ वर येते. एफचा आकडा मोठा तेवढी खिडकी छोटी. एफ १.८ आणि एफ ५.६ मध्ये उजेडाचा फरक जवळपास दहापटीचा आहे. म्हणजे किट लेन्सला जिथे आयएसओ ६४०० लागेल, तिथे या लेन्सला ६४० च्या आसपास पुरेल. वीस-तीस हजार जास्त घालून नव्या मॉडेलचा कॅमेरा घेऊन हा फरक मिळत नाही. मी कुणालाही हेच सांगतो, कॅमेरा एक पायरी जुना घ्या आणि उरलेल्या पैशांत उघड्या डोळ्यांची एक लेन्स घ्या. डिस्काउंटमध्ये मिळणाऱ्या दोन-दोन झूम लेन्सच्या कॉम्बोला अजिबात भुलू नका.

‘लेन्समध्ये स्टॅबिलायझर आहे ना, मग?’ असं कुणीतरी म्हणेलच. तो तुमच्या हाताची थरथर सावरतो. समोरच्या माणसाची हालचाल नाही सावरत.

सेकंड हँड घेताना आणखी एक काम केलं. लेन्सला झाकण लावून, म्हणजे पूर्ण अंधारात, पाच सेकंदांचा फोटो. त्यात चमचम करणारे पांढरे, लाल, निळे ठिपके दिसले तर ते हॉट पिक्सेल. दोन-चार असणं नॉर्मल. चांदण्यांनी भरलेलं आकाश दिसलं तर नमस्कार करून निघा. आणि मुंबईच्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते, ती टॉर्च मारून बघा. शेठने टॉर्च स्वतःच दिला.

मैत्रिणीने रविवारी घरी सगळे फोटो एक्सेलमध्ये घातले. मार्क दिले. कॉलम होते: ‘अक्षरं’, ‘दाढी’, ‘काळोख’, ‘रंगीत किडे’. सोमवारी लंचमध्ये शीट टीमला दाखवलं. मंगळवारी निकॉन घरी.

<b>निळा उपाशी</b>

दिव्यांचा उजेड जरा लबाड असतो. तो पिवळा-केशरी, त्यात निळा रंग जवळपास नसतोच. सेन्सरच्या वाट्यांवर लाल, हिरवे, निळे काचेचे रंग बसवलेले असतात (कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या नावाने ही रचना ओळखली जाते, त्यांचं पेटंट १९७६ चं). दिव्यांच्या उजेडात निळ्या वाट्या उपाशी राहतात. मग कॅमेरा पांढरा रंग पांढरा दाखवायला जातो आणि त्या उपाशी निळ्याला ओढून मोठं करतो. मुंग्या तिथूनच निघतात. म्हणून दिव्यांच्या फोटोत थोडा पिवळेपणा राहू द्या. समईचा उजेड ऑफिसच्या ट्यूबलाइटसारखा दिसायचा हट्टच कशाला? मैत्रिणीला मी व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढायला सांगितलं आणि फोटो रॉ मध्ये घ्यायला. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने औषध फवारण्याआधीचा कच्चा माल. औषध किती मारायचं ते मग आपल्या हातात. २०२३ साली अडोबीने लाइटरूममध्ये एआयवालं डीनॉइज आणलं ते याच कच्च्या मालावर चालतं आणि चालतं भारी. पण स्लायडर शेवटापर्यंत ओढलात तर ते मशीनसुद्धा सुरकुत्यांना मुंग्या समजू शकतं.

आणि फ्लॅश? पांढऱ्या छतावर उसळवून मारला तर उजेडाचा प्रश्न मिटतो, मान्य. पण ८१ दिवेही मिटतात. सकाळच्या होमाला वापर, संध्याकाळी नको, असं ठरलं.

जानेवारीतल्या त्या संध्याकाळी मी डोंबिवलीत होतो, जेवायला. हॉलमध्ये चाळीसेक माणसं. परातीत दिवे लागले, कुणीतरी मेन स्विचच बंद केला आणि एकदम शांतता पसरली. आजी पाटावर, हिरवी इरकली नऊवारी, नाकात नथ. मैत्रीण गुडघ्यांवर बसून पुढे सरकत होती. आयएसओ १६००, शटर १/८०, एफ २. किट लेन्स असती तर याच फोटोला १२,८०० लागला असता. सुना, लेकी, नाती एकेक करून ओवाळत होत्या. तीन-चार वेळा आजीने डोळे मिटले, दोनदा कुणाचा तरी पदर मध्ये आला. तिने दोनशेच्या वर फोटो काढले.

एका चुलतभावाने नव्या कोऱ्या फोनवर नाइट मोडमध्ये काढला होता. तोच फॅमिली ग्रुपवर आधी गेला. लखलखीत उजेड, एक कण नाही, आजी साठीची, आणि परात धरलेल्या हाताला सहा-सात बोटं. २७ जणांनी हार्ट टाकलं. मैत्रिणीने दोन दिवसांनी तिचा पाठवला तेव्हा काकू म्हणाल्या, ‘फोनवरचा जास्त क्लिअर आहे गं.’ ती काही बोलली नाही. लाइटरूममध्ये रंगीत मुंग्या तेवढ्या काढल्या, करड्यांना हात लावला नाही, आणि १२ बाय १८ ची प्रिंट करून डोंबिवलीला घेऊन गेली. मागच्या काळोख्या भिंतीवर कण आहेत, जवळून बघितले तर दिसतात. चेहऱ्यावर दिव्यांचा उजेड भरपूर होता, तिथे नाहीत. इरकलीच्या काठाची वीण मोजता येते.

आजीने चष्मा पुसून घातला. प्रिंट खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघितली. मग सुनेला हाक मारून म्हणाली, ‘अगं, ही तर माझी आई दिसतेय.’

काकूंच्या डीपीला अजून फोनवालाच फोटो आहे.